पालुपद की ध्रुवपद?

शब्दवेल्हाळ: दिवाळी अंकासाठी डेन्मार्कची जुनी लोकगीतं आणि त्यांवरचे हल्लीचे प्रयोग यांवर लेख लिहितेय. तिथल्या कथागीतांत कडवं पुष्कळदा दोनच ओळींचं असतं, आणि मधे नि शेवटी ठरलेली ओळ परत येते. तिला ते 'ओमक्वेद' म्हणतात. मी 'पालुपद' लिहिलं. संपादकांनी खोडून 'ध्रुवपद' केलं. म्हणे पालुपद कुरकुरीला वापरतात. आमच्याकडे भजनात सर्रास पालुपदच म्हणायचे. नक्की काय धरायचं?

खडूफळा: संपादक बरोबर आहेत. "लावलं याने परत तेच पालुपद!" याखेरीज मी तो शब्द ऐकलेला नाही.

तिरकीट: तुम्ही ऐकला नाही म्हणून नाहीच का? कीर्तनात टाळकरी पालुपदच उचलतात. ध्रुवपद म्हटलं की लोकांना धृपद-धमार आठवणार. व्युत्पत्ती माझ्या मते पल्लव + पद. ओळीला दर कडव्याला नवी पालवी!

खडूफळा: 'माझ्या मते' व्युत्पत्ती होत नसते. मग पालथं पद का नको?

उत्तरायण: डेन्मार्कमध्ये राहतो म्हणून तोंड घालतो. 'ओम' म्हणजे भोवती, 'क्वेद'चा संबंध गाण्याशी. डेन्मार्कच्या अखत्यारीतल्या फेरो बेटांवर ही गीतं अजून हात धरून, फेर धरून म्हणतात. पुढचा एकजण कडवं सांगतो, आणि ओमक्वेद आलं की सगळे तुटून पडतात. मला 'झील' जवळचा वाटतो.

शब्दवेल्हाळ: झील ही साथ झाली, ओळ नव्हे. आणि माझी खरी अडचण पुढेच आहे. 'सॉर्टन मुल्ड' या डॅनिश गटाने हीच कथागीतं इलेक्ट्रॉनिक ठोक्यावर बसवली (१९९७चा 'मार्क टू' अल्बम ऐका). तिथे फेर धरायला कोणी नाही, तोच तुकडा परत परत वाजवत फिरतं ते यंत्र. त्या फिरण्याला काय म्हणू? लूप?

मराठीबाणा: लूप, अल्बम, इलेक्ट्रॉनिक... सावरकरांनी दिनांक आणि महापौर उगीच दिले का? आवर्तन लिहा.

तिरकीट: आवर्तन तालाचं असतं हो. लूपच लिहा, सगळ्यांना कळतं.

उत्तरायण: शुद्धीवाले सगळीकडे असतात. पर्सी ग्रेंजर हा ऑस्ट्रेलियन संगीतकार १९२२ साली डेन्मार्कच्या युटलंड भागात फोनोग्राफ (आवाज मुद्रित करायचं यंत्र) घेऊन लोकगीतं टिपत हिंडला. सोबत एवाल्ड तांग क्रिस्टेन्सन, ऐंशीला टेकलेला संग्राहक. या ग्रेंजरला इटालियन संज्ञांचं वावडं. आवाज वाढवत न्या सांगणाऱ्या 'क्रेशेंडो'ऐवजी इंग्रजी 'लाउडन' लिहायचा. आणि उतारवयात ठरावीक सप्तक सोडून सरकत जाणारे सूर काढायला यंत्रं जोडत बसला. जुनं टिपणारा आणि मोडणारा एकच माणूस.

मराठीबाणा: बघा!

खडूफळा: काय बघा? 'लाउडन' आज कोण लिहितं?

शब्दवेल्हाळ: याला 'प्रायोगिक' म्हणायचं की 'प्रयोगशील'?

तिरकीट: नाटक प्रायोगिक, माणूस प्रयोगशील. आणि न जमलेलंही प्रायोगिकच.

उत्तरायण: अजून एक पेच. डॅनिश स्ट्रिंग क्वार्टेटने २०१७च्या 'लास्ट लीफ' अल्बममध्ये एक फार जुनी चाल घेतलीय. सुमारे १३०० सालच्या रूनलिपीतल्या (उत्तर युरोपातली जुनी लिपी) कायद्याच्या पोथीत, अगदी शेवटी, ती स्वरांसकट लिहिलेली आहे. "काल रात्री स्वप्न पडलं, रेशमाचं आणि..." पुढच्या शब्दांवर विद्वान अजून भांडतात. कोणी भारी वस्त्र म्हणतं, कोणी न्याय. चौकडीने नुसती चार तंतुवाद्यं वाजवली आणि प्रश्नच मिटवला. पण शब्दच नाहीत तर ते लोकगीत कसं? लोकधून?

मराठीबाणा: धून हिंदी.

तिरकीट: रामनामाची धून काय बिहारातून आली?

शब्दवेल्हाळ: संपादकांची नवी मेल. सॉर्टन मुल्ड म्हणजे काळी माती, तर कंसात 'काळी आई' घालू म्हणतात. अहो, या गीतांतली काळी माती बहुतेकदा थडग्याची! एकात मेलेला नवरदेव शवपेटी पाठीवर घेऊन वाग्दत्त वधूच्या दारी येतो. सांगतो, तू रडलीस की माझी पेटी साकळलेल्या रक्ताने भरते, आनंदात असलीस की गुलाबपाकळ्यांनी. इथे काळी आई कुठून आणायची?

खडूफळा: नावाचं भाषांतर करताच कशाला?

तिरकीट: आणि नुसतं 'पेटी' लिहू नका. गाण्याबजावण्याच्या लेखात पेटी म्हटली की लोक बाजाचीच समजणार.