चार रंग ‘लागतात’ की ‘पुरतात’?

प्रश्न : आलेखांच्या रंगकामावर (आलेख म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषा; रेषेने जोडलेल्या दोन बिंदूंना वेगवेगळे रंग द्यायचे) मराठीत टिपण लिहिताना मी ‘प्रतलीय आलेखाला चार रंग लागतात’ असे वाक्य लिहिले होते. एका शिक्षकमित्राने ‘लागतात’ खोडून ‘पुरतात’ केले. अर्थामध्ये एवढा फरक पडतो का? आणि रेषा एकमेकींना न छेदता कागदावर काढता येणाऱ्या आलेखाला ‘प्रतलीय’ म्हणणे तरी योग्य आहे का?

उत्तर : मित्राची दुरुस्ती योग्य आहे आणि ती निव्वळ भाषेची नाही. ‘झब्ब्याला तीन मीटर कापड पुरेल’ असे शिंपी म्हणतो तेव्हा अडीच मीटरमध्येही भागण्याची शक्यता तो मोकळी ठेवतो. ‘तीन मीटर लागेल’ म्हटले की ती शक्यता संपते. १८५२ मध्ये इंग्लंडच्या काउंट्यांचा नकाशा रंगवताना फ्रान्सिस गथ्रीला पडलेला प्रश्न ‘चार रंग पुरतील का’ असा होता आणि १९७६ मध्ये केनेथ अपेल व वोल्फगांग हाकेन यांनी संगणकाच्या साहाय्याने सिद्ध केले तेही ‘पुरतात’ एवढेच. (नकाशातला प्रत्येक प्रदेश बिंदू आणि दोन प्रदेशांची सामाईक सीमा रेषा मानली की नकाशाचा प्रतलीय आलेख होतो.)

‘लागतात’ हे दाखवायला एखादे उदाहरण हवे, आणि ते आपल्या पुणे जिल्ह्यातच सापडते. पुण्याभोवती ठाणे, रायगड, सातारा, सोलापूर आणि अहिल्यानगर या पाच जिल्ह्यांचे कडे आहे. ठाण्याला तांबडा, रायगडला हिरवा, साताऱ्याला पुन्हा तांबडा, सोलापूरला हिरवा असे आलटून पालटून देत गेलो की अहिल्यानगरच्या एका अंगाला हिरवे सोलापूर आणि दुसऱ्या अंगाला तांबडे ठाणे येते. कड्यातील जिल्हे विषम असल्यामुळे सुरुवात कोठूनही केली तरी तिसरा रंग काढावाच लागतो, आणि या पाचही जिल्ह्यांना लागून असलेल्या पुण्यासाठी चौथा.

अल्गोरिदमविषयी लिहिताना तर हा भेद फार जपावा. दोन रंग पुरतात का, हे चटकन तपासता येते. प्रतलीय आलेखात पाच किंवा त्याहून कमी शेजारी असलेला शिरोबिंदू (आलेखातला बिंदू) नेहमी सापडतो. तो बाजूला काढून उरलेला आलेख रंगवायचा आणि मग त्याला परत जागेवर ठेवून शेजाऱ्यांनी न वापरलेला रंग द्यायचा, या साध्या रीतीने सहा रंगांचे काम होते. चार रंगांत रंगवून देणारी, शिरोबिंदूंच्या संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वेळ घेणारी रीत रॉबर्टसन, सँडर्स, सीमोर आणि थॉमस यांनी १९९७ मध्ये दिली. मात्र ‘तीन रंग पुरतील का’ हा प्रश्न एनपी-पूर्ण आहे, म्हणजे त्यासाठी सर्व प्रतलीय आलेखांवर चालणारी कार्यक्षम रीत आजवर कोणालाही सापडलेली नाही. म्हणून ‘चार रंगांत रंगवा’ आणि ‘कमीत कमी किती रंग लागतात ते सांगा’ ही वाक्ये एकमेकांच्या जागी वापरू नयेत.

पुरवणी : ‘प्रतलीय’ रुळलेला आहे, तरी मला तो अपुरा वाटतो, कारण ‘-ईय’ने केवळ संबंध कळतो. चौकोन काढून त्याचे दोन्ही कर्ण जोडले तर ते एकमेकांना छेदतात. पण एक कर्ण बाहेरून वळसा घालून नेला की छेद उरत नाही. आलेख तोच, आकृती वेगळी. छेदाविना काढता येण्याची ही क्षमता सांगायला मी ‘प्रतलक्षम’ सुचवीन आणि तसा प्रत्यक्ष काढलेल्या आलेखाला ‘प्रतलस्थ’ म्हणेन. ‘समतल’ मात्र टाळावा. तो वाचताच सपाट जमीन डोळ्यांपुढे येते.