खलाशी हा शब्द समुद्रावरचा की जमिनीवरचा?

भीमाकाठी (सोलापूर): वडील कुर्डुवाडीच्या रेल्वे वर्कशॉपात खलाशी होते. समुद्र त्यांनी कधी पाहिला नाही. माझं मत असं, की शब्द मूळचा दर्यावर्दी. बोटीवर दोर ओढणारा, ओझी हलवणारा तो खलाशी. रेल्वेला तसलीच माणसं लागली, तिनं नावही उचललं. पुढे कागदावर ‘हेल्पर’ झालं, बरंच झालं.

लष्करवाला: असं कसं ओ मालक? १८८६ चा हॉब्सन-जॉब्सन, म्हणजे इंग्रजांच्या तोंडी बसलेल्या हिंदुस्थानी शब्दांचा कोश, उघडा. त्यात खलाशी म्हणजे आधी तंबू ठोकणारा, मग मोजणीदाराची साखळी धरणारा, बोटीवरचा त्यानंतर. तोफखान्यातला हरकाम्याही त्यातच. मूळ अरबी ‘खलास’, म्हणजे सुटका. त्यात पाणी आहे कुठं? ‘लास्कर’चंही तेच. ब्रिटिश जहाजांवरच्या हिंदी खलाशांना इंग्रज लास्कर म्हणायचे, तो आपला फारसी लश्कर, म्हणजे फौज. या हिशेबानं आमच्या लष्कर भागातले सगळेच दर्यावर्दी की ओ!

शब्दखोर: लास्कर अरबी ‘अल-अस्कर’वरून आला. फारसी मध्ये आणू नका.

लष्करवाला: अस्कर हाच फारसी लश्करवरून अरबीत गेला, असं बरेच अभ्यासक मानतात. फिरून तिथंच आलात.

माहेर रत्नागिरी: दादा, कोश ठेवा बाजूला. मिरकरवाड्याच्या जेटीवर जा. बोटीचा मालक नाखवा (फारसी नाखुदा, नावेचा धनी), बोट चालवतो तो तांडेल आणि जाळं ओढतात ते खलाशी. हल्ली त्यातले कितीतरी नेपाळहून येतात, डोंगरातली पोरं, तरी त्यांना खलाशीच म्हणतात. शब्द आज जिथं रोज तोंडात आहे, तिथला धरायचा. तंबूवाले राहिलेत कुठं?

वाळवंटी (पंढरपूर): ताई, पाणी आमच्याकडेही आहे. चंद्रभागेवर ‘ओ खलाशी’ म्हणून हाक मारा, एकही होडीवाला वळून बघणार नाही. तो नावाडी, होडी बहुधा त्याच्या घरची. खलाशी म्हणजे दुसऱ्याच्या हुकमाखाली टोळीनं राबणारा. जहाजावर त्याच्या डोक्यावर सारंग, वर्कशॉपात मिस्त्री. शब्द पाण्याचा नाही न् जमिनीचाही नाही, हाताखालच्या माणसाचा आहे.

भीमाकाठी: टोळीचं म्हणणं घेतो. पण मग ‘हेल्पर’ म्हटल्यानं बिघडलं काय? हाताखालचा तो हाताखालचाच.

लष्करवाला: बिघडलं की. हेल्पर म्हटलं की कसब गेलं. केरळात बेपूरचे मापिला (तिथले मुसलमान) खलाशी बघा, उरू म्हणजे मोठी लाकडी जहाजं दोर-कप्प्यांवर पाण्यात उतरवणारे. १९८८ साली पेरुमणला रेल्वेचे डबे अष्टमुडी तलावात पडले, तेव्हा ते ओढून काढायला याच खलाशांची मदत घेतली. तुमच्या वडिलांना विचारा, जड चाक हलवताना टोळीला आवाज कोण द्यायचं. त्याला हेल्पर म्हणायची हिंमत होते का बघू.