रास्पबेरीचे नवे वाण खाणाऱ्यासाठी की यंत्रासाठी?

रानमेवा: परवा वॉशिंग्टन राज्यात लिंडनजवळच्या मळ्यात रास्पबेरी खाल्ली. नुसती पाणचट. पूर्वी याच भागात ट्युलामीन जातीची खाल्ली होती, तिचा वास दिवसभर बोटांना होता. नवे वाण काढणारे जावयाचा मान यंत्राला देतात, खाणाऱ्याला उरलंसुरलं.

काटेरी: हे वाचून राहवलं नाही. याच व्हॉटकम काउंटीत मी सात हंगाम तोडणी यंत्रावर काढलेत. इथला बहुतेक माल गोठवायला जातो. यंत्र झाडाच्या काठ्या हलवतं, फळ गाभ्यावरून अलगद सुटलं नाही तर गेलंच. तुमची ट्युलामीन ताजी खायची, हाताने तोडायची. आणि मीकर? 1967 ची, इथल्याच विद्यापीठाची, यंत्राला चालते आणि चवही आहे. पण मूळकूज आली की तीही हरते. जूनमध्ये कोवळे शेंडे आकड्यासारखे वाकलेले मी पाहिलेत. महिन्यात ओळ वाळली. मूळ खरवडलं तर आत विटकरी. वर बुशी ड्वार्फ विषाणू परागातून पसरतो, फळाचे दाणे हातात सुटे होतात. फवारणार कशावर? संकरापासून वाण बाहेर यायला 10-15 वर्षं जातात, ती या रोगांना टिकणारं झाड शोधण्यामागे जातात.

तासगावचा बागायतदार: वाण कोणाच्या मालकीचा, हे कोणी बोलतच नाही. तिकडे अमेरिकेत प्लांट पेटंट, म्हणजे वाणावरची मालकी, 20 वर्षांचं, रास्पबेरीचा फुटवा लावून वाढवायचीही चोरी. आमच्याकडे तास-ए-गणेश, सोनाका हे द्राक्षाचे वाण शेतकऱ्यांच्या बागेतच निघाले, काडी गावोगाव गेली. आता परदेशी द्राक्षाचा करार केलाय. रोपाचे पैसे द्या, वर रॉयल्टी द्या, माल त्यांनाच घाला. गारपीट मात्र आमची एकट्याची.

काटेरी: धागा रास्पबेरीचा आहे.

तासगावचा बागायतदार: दुखणं एकच आहे. तुम्ही पगारी होता, म्हणून तुम्हाला वेगळं वाटतं.

सातबारा: आपल्याकडे 2001 च्या वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला वाण राखायचा, वाटायचा, विकायचाही हक्क दिलाय, फक्त ब्रँड लावून बियाणं विकता येत नाही. करार वाचून सही केली होती का?

तासगावचा बागायतदार: सही वडिलांची आहे. ते आता नाहीत. तोंड सांभाळून बोला.

सातबारा: माझं चुकलं, माफ करा. पण करार एकदा वकिलाला दाखवाच.

रानमेवा: मूळकुजीचं मान्य, वाळलेली ओळ मी पाहिलेली नाही. पण मग चव शेवटच्या रांगेत का?

काटेरी: शेवटच्या नाही. चाचणीच्या ओळींतून फळ तोंडात टाकत टाकतच निवड करतात, मी सोबत फिरलोय. तरी एक कबूल करतो. मूळकुजीला पुरून उरेल, यंत्राला सुटेल आणि चवीला ट्युलामीन असेल, असं झाड माझ्या खाण्यात अजून आलेलं नाही.

तासगावचा बागायतदार: आणि गारपिटीचं काय, त्यावर कोणीच बोललं नाही.