'अर्धगुणसूत्र': अर्धं नक्की कशाचं?

डेक्कन जिमखाना: पेशीविभाजनावरच्या प्रकरणाचा अनुवाद चाललाय. मिऑसिस, म्हणजे बीजपेशी तयार करणारं विभाजन, हे 'अर्धगुणसूत्री विभाजन', क्रोमॅटिड म्हणजे 'अर्धगुणसूत्र'. आता हे वाक्य बघा: 'अर्धगुणसूत्री विभाजनाच्या पहिल्या टप्प्यात अर्धगुणसूत्रे वेगळी होत नाहीत.' मग अर्धं होतं तरी काय? क्रोमॅटिडला दुसरा शब्द सुचवा.

भिंग: वाक्य बरोबर आहे. विभाजनात अर्धी होते ती गुणसूत्रांची संख्या, माणसात ४६ ची २३. क्रोमॅटिड म्हणजे एकाच गुणसूत्राच्या दोन सारख्या धाग्यांपैकी एक. पहिल्या टप्प्यात आईकडचं आणि वडलांकडचं ही जोडी फुटते, धागे सुटतात ते दुसऱ्यात. मधल्या पेशीत गुणसूत्रं २३, धागे मात्र ४६. म्हणून मोजायचे ते गुणसूत्रबिंदू, दोन धागे जिथे जोडलेले असतात ती जागा. धागे मोजलेत तर एका पेशीच्या दोन सारख्या पेशी करणाऱ्या साध्या सूत्री विभाजनाच्या मध्यावस्थेत माणसाची ९२ भरतील!

शनवारकर: 'अर्धसूत्र' करा की.

भिंग: हिंदीत मिऑसिसलाच 'अर्धसूत्री विभाजन' म्हणतात. आगीतून फुफाट्यात.

काना-मात्रा: खरं दुखणं 'गुण' हे आहे. जर्मन शरीररचनाशास्त्रज्ञ वाल्डायरनं १८८८ साली 'क्रोमोसोम' नाव ठेवलं ते ग्रीक 'क्रोमा' म्हणजे रंग आणि 'सोमा' म्हणजे शरीर यांवरून, कारण हे धागे रंग चटकन धरतात. सरळ 'रंगसूत्र' म्हणावं. 'गुणसूत्रांत दोष' वाचून घरच्यांना वाटतं, पोराचे गुणच बिघडले.

खडूफळा: आणि 'रंगसूत्र' वाचून वाटेल, कातडीचा रंग ठरवणारं सूत्र! मुळात त्यांना स्वतःचा रंग नाही. कांद्याच्या मुळाच्या स्लाइडवर ॲसिटोकार्मीन रंगानं लाल दिसतात, कार्योटाइपमध्ये, म्हणजे गुणसूत्रं ओळीनं मांडलेल्या फोटोत, गीम्सा रंगानं जांभळी. सटन आणि बोव्हेरी या जीवशास्त्रज्ञांनी १९०२-०३ च्या सुमारास अनुवंशाशी नातं जोडलं, तेव्हा 'गुण' वावगा नाही. बालभारतीच्या पुस्तकांत रुजलेला शब्द आहे.

काना-मात्रा: रुजलं तर गाजरगवतही. भारतात तेही आधी पुण्यातच दिसलं.

शनवारकर: कार्योटाइपच्या फोटोत हे दोन धागे वेगळे का दिसत नाहीत?

भिंग: चांगल्या स्लाइडवर ते चिकटूनच असतात. विभाजन मध्यावर थांबवणारं कोल्चिसिन जास्त वेळ राहिलं की फाकतात, पण गुणसूत्रं आखूड आणि जाड होतात, रंगवल्यावर दिसणारे पट्टे एकमेकांत मिसळतात, वाचन गेलं. त्यानंतरचं, पेशी फुगवणारं ०.०७५ मोलर पोटॅशियम क्लोराइड कमी वेळ दिलं तर गुणसूत्रांचा सगळा गुंता, जास्त दिलं तर पेशी आधीच फुटते आणि ४६ ऐवजी ४५ भरतात. म्हणून एका पेशीवर निदान करत नाहीत. आणि या तपासणीचं रक्त हेपॅरिनच्या नळीत घ्यायचं. हेपॅरिन आणि ईडीटीए दोन्ही रक्त गोठू देत नाहीत, पण ईडीटीएच्या नळीतलं आलं तर पेशी नीट वाढत नाहीत.

डेक्कन जिमखाना: माझ्या क्रोमॅटिडचं काय?

शनवारकर: 'पदर'! दोऱ्याला पदर असतात तसे. गुणसूत्र दुपदरी, विभागलं की एकपदरी.

भिंग: शब्द झकास. पण त्या प्रत्येक पदरात डीएनएचा रेणू असतो, आणि तो स्वतःच दुपदरी.

काना-मात्रा: म्हणून म्हणतो, आधी 'रंगसूत्र' मान्य करा.