ट्रेलरचा ब्रेक लाइट मिणमिणतो, सोबत इंडिकेटरही पेटतो. काय बघू?

मंडळी, सल्ला हवा आहे. २४ व्होल्टची गाडी, मागे ट्रेलर. ब्रेक दाबला की ट्रेलरचा डावा ब्रेक लाइट नुसता मिणमिणतो आणि त्याच्या जोडीला डावा इंडिकेटरही अंधूक पेटतो. दोनदा बल्ब बदलले, फ्यूज शाबूत आहेत. ट्रेलरची केबल जोडतो त्या सॉकेटला मीटर लावला तर पूर्ण २४ दाखवतो. वायरमन म्हणतो, अख्खं वायरिंग नवीन टाका. टाकू का?

प्रतिसाद १
दादा, एलईडी बसवा, कटकट मिटेल.

प्रतिसाद २
वायरिंग उपसू नका, एलईडीही राहू द्या. एकाला करंट दिल्यावर शेजारचा पेटतो म्हणजे पहिला संशय अर्थवर, म्हणजे करंट परत नेणाऱ्या वायरीवर. परतीची वाट बंद झाली की करंट शेजारच्या बल्बच्या फिलामेंटमधून वाट काढतो, म्हणून दोघंही अर्धवट जळतात.

आधी दोष ट्रकचा की ट्रेलरचा ते ठरवा. दुसरा ट्रेलर जोडून बघा, दोन मिनिटांचं काम. सात पिनी सॉकेटमध्ये साधारण पांढरी अर्थ, लाल ब्रेक, पिवळी डावा इंडिकेटर, हिरवी उजवा. पण आधी कोणी जुगाड केला असेल तर रंगावर जाऊ नका.

आणि मीटरच्या २४ वर भाळू नका. वायरीतली एकच तार शिल्लक असली तरी मीटर पूर्ण व्होल्टेज दाखवतो, कारण तो करंट जवळजवळ ओढतच नाही. २१ वॉटचा बल्ब होल्डरमध्ये घालून त्याला दोन वायरी लावा आणि मीटरच्या जागी तो जोडून बघा. तो पाऊण अँपिअरच्या वर ओढतो, तिथे वायरीचं पितळ उघडं पडतं. मग कोणाला तरी ब्रेक दाबून बसवा. मीटरचा एक प्रोब दिव्याच्या अर्थ टोकावर, दुसरा सॉकेटच्या पांढऱ्या पिनेवर. अर्ध्या व्होल्टच्या आत असेल तर ठीक. त्याहून बरंच जास्त आलं तर चोर त्याच वाटेवर आहे.

प्रतिसाद ३
अर्थ फिफ्थ व्हीलवरून, म्हणजे ट्रेलर ट्रकवर टेकतो त्या प्लेटवरून, मिळतोच ना?

प्रतिसाद २
ग्रीसने माखलेल्या प्लेटवरून? कधी मिळतो, कधी नाही. म्हणून तर वेगळी पांढरी वायर असते.

प्रतिसाद ४
वळणावरच दिवे जात असतील तर ट्रक आणि ट्रेलरमधली गुंडाळीची केबल हलवून बघा, आत तार तुटलेली असते, बाहेरून कळत नाही. वायरीला सुई टोचून तपासू नका. त्या भोकातून पाणी शिरतं आणि काही महिन्यांत तांब्याची हिरवी पूड होते. फ्यूज उडत असेल तर मोठा टाकू नका, वायर जळेल.

धागाकर्ता
केलं. ब्रेक दाबल्यावर अर्थ टोकावर नऊ व्होल्ट! दिव्याच्या ब्रॅकेटमागे अर्थचा बोल्ट आहे, मागच्या रंगकामात लगखाली (वायरीच्या टोकाची धातूची कडी) रंग गेला होता. बोल्ट काढला तर चकतीखाली हिरवट पूड. घासून पत्रा चकचकीत केला, नवा लग दाबून बसवला, वरून ग्रीस. आता ०.२. ब्रेक लाइट डोळे दिपवतो, इंडिकेटर गप्प. वायरमनला अजून सांगितलेलं नाही.

उजवा साइड मार्कर (बाजूचा दिवा) मात्र खड्ड्यात गाडी आदळली की विझतो. उद्या केबल हलवून बघतो.