माजी सैनिक वडील, योगवर्ग आणि शवासनातली अस्वस्थता

कृष्णाकाठ:
माझे वडील सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले, त्याला आता बारा वर्षे झाली. सेवेतला बराच काळ काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर गेला. पाठीवर पिठ्ठू घेऊन वर्षानुवर्षे डोंगर चढल्यामुळे दोन्ही गुडघे झिजले आहेत आणि कंबरदुखी तर कायमचीच. रात्री ते दोन-तीनदा दचकून उठतात, आणि लग्नसराईत कुठे फटाका वाजला की पुढचा तासभर कोणाशी बोलत नाहीत. त्यांच्यावर उपचार चालू आहेत आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ते महिनाभर गावातल्या योगवर्गाला गेले. तिथे दोन अडचणी आल्या. प्रत्येक आसन ते पीटी परेडसारखे करतात. कितीही दुखले तरी शिक्षक सांगेपर्यंत थांबत नाहीत. शेवटी दिवे मालवून शवासन सुरू झाले, की मात्र ते उठून बसतात. गेल्या आठवड्यात शिक्षकांनी मागून येऊन त्यांचे खांदे सरळ करायचा प्रयत्न केला, तेव्हा त्यांनी इतक्या जोरात हात झटकला की सगळा वर्ग थबकला. तेव्हापासून ते गेलेले नाहीत. त्यांच्यासाठी योगाभ्यास योग्यच नाही, असे समजावे का?

मुक्तछंद_पुणे:
मी पंधरा वर्षे योग शिकवते आहे आणि माझ्या वर्गात काही माजी सैनिक येतात. दोष वडिलांचा नाही, आणि बहुधा शिक्षकांचाही नाही. त्यांना कोणी सांगितले नसावे, इतकेच. अनपेक्षित स्पर्श, अंधार आणि मिटलेले डोळे या तिन्ही गोष्टी ज्याने रात्रीच्या गस्ती घातल्या आहेत त्याला विश्रांती वाटत नाहीत, कारण त्याचे शरीर नेमक्या याच वेळी सावध राहायला शिकलेले असते. शवासन उताणे पडून, डोळे मिटूनच केले पाहिजे असे नाही. त्यांनी भिंतीकडे पाठ करून, दार दिसेल अशा बेताने कुशीवर झोपावे, डोळे उघडे ठेवावेत आणि दिवा चालू राहू द्यावा. पोटऱ्या खुर्चीच्या बैठकीवर ठेवून उताणे पडल्यास कंबरेचा ताण उतरतो आणि गुडघ्यांवरही भार येत नाही. वज्रासन, पद्मासन आणि उकिडवे बसणे सध्या वगळावे. खुर्ची, पट्टा, लोड यांचा आधार घेण्यात काहीही कमीपणा नाही, अय्यंगार पद्धतीत तर तो अभ्यासाचाच भाग आहे. प्राणायामात श्वास रोखू नये. श्वास घेण्यापेक्षा सोडायला थोडा जास्त वेळ द्यावा आणि सोडताना भ्रामरीचा गुंजार करावा. कपालभाती मात्र इतक्यात नकोच, कारण श्वास बाहेर टाकण्याच्या त्या झटक्यांनी छातीची धडधड वाढते आणि दचकून उठणाऱ्या माणसाला ती घाबरल्यासारखीच जाणवते.

निवृत्त_हवालदार:
ताई, मी तोफखान्यात होतो. तुमच्या वडिलांचे पीटीसारखे वागणे मला अगदी ओळखीचे वाटले. आमच्याकडे दुखणे सांगणे म्हणजे सिक रिपोर्ट, आणि वारंवार सिक रिपोर्ट करणारा जवान कामचुकार ठरतो. वीस वर्षे असे काढल्यावर ‘जमेल तेवढेच करा’ हे वाक्य कानावरून जाते, कारण त्यात हुकूम नाही. माझ्या शिक्षकांनी युक्ती केली. त्यांनी मला सांगितले, ‘दुखणे दहापैकी चारच्या वर गेले की आसन सोडायचे, हा आदेश आहे.’ आदेश म्हटल्यावर मी तो पाळला! भ्रामरीबद्दल मात्र माझे मत थोडे वेगळे आहे. सुरुवातीला स्वस्थ बसवले की मनात नको ते सुरू होते. आधी पंधरा मिनिटे हालचाल, मग श्वास, हा क्रम मला मानवला. आणखी एक गोष्ट म्हणजे तोफांमुळे मला एका कानाने कमी ऐकू येते. शिक्षक हळू आवाजात सूचना देत आणि मागे संगीत चालू असे, त्यामुळे डोळे मिटले की काहीच कळत नसे. वडिलांचे कान तपासून घ्या.

शुश्रूषा:
मी फिजिओथेरपिस्ट आहे. अमेरिकेत सॅन दिएगो येथे कंबरदुखी असलेल्या 150 माजी सैनिकांवर झालेला अभ्यास 2017 साली प्रसिद्ध झाला. त्यात 12 आठवडे योगवर्ग घेतल्यावर दैनंदिन हालचालींतल्या अडचणींत लगेच ठळक फरक दिसला नव्हता. तो 6 महिन्यांच्या तपासणीत दिसला. त्यामुळे एका महिन्यावरून निष्कर्ष काढू नये. रक्तदाब किंवा काचबिंदू असेल तर डोके खाली जाणारी आसने टाळावीत. योग सुरू झाला म्हणून झोपेची किंवा मनाची औषधे आपल्या मनाने बंद करू नयेत, कारण माझ्या अनुभवात सर्वांत जास्त घोटाळा तिथेच होतो. माजी सैनिकांसाठीच्या ईसीएचएस या आरोग्य योजनेच्या पॉलिक्लिनिकमधून मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवण्याची चिठ्ठी मिळू शकते. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटल्यास टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक दिवसरात्र चालू असतो.

कृष्णाकाठ:
सर्वांचे मनापासून आभार. काल मी हा धागा वडिलांना वाचून दाखवला. हवालदार काकांचा ‘दहापैकी चार’चा आदेश ऐकून ते हसले आणि म्हणाले, ‘गनर दिसतोय.’ मी शिक्षकांशीही बोलले; न विचारता स्पर्श करणार नाही आणि शेवटच्या रांगेत दाराजवळची जागा राखून ठेवेन, असे त्यांनी मान्य केले आहे. खुर्ची आम्ही घरूनच नेणार आहोत. एकच शंका राहिली: गुडघे झिजलेल्या माणसाने सूर्यनमस्कार खुर्चीवर बसून केले तर चालतील का?

शुश्रूषा:
चालतील, पण सुरुवातीला तीनच, आणि पुढे वाकताना पाठ गोल न करता कमरेच्या खुब्यातून वाकावे. खुर्ची बिनचाकांची असावी आणि ती भिंतीला टेकवून ठेवावी.