अनुभव धागा: अपमान न विसरणारी पात्रं

धागाकर्ता
विज्ञानकथा, फँटसी, सुपरहिरो, काहीही चालेल. वंशभेद सोसलेलं पात्र पुढे कसं वागतं आणि ते वाचताना-बघताना तुम्हाला स्वतःचं काय आठवलं, ते लिहा. कथासार नको, तो कुठंही मिळतो.

मीच सुरू करतो. ‘एक्स-मेन’ कॉमिक्समधला मॅग्नेटो 1963 मध्ये आला तेव्हा निव्वळ खलनायक होता. ऑशविट्झ या नाझी छळछावणीचा भूतकाळ त्याला लेखक ख्रिस क्लेअरमाँटने 1981 मध्ये दिला आणि मला त्याचा राग येईनासा झाला. आमच्या आजोबांनी 1978 चा नामांतराचा भडका पाहिलेला. आमचं घर वाचलं होतं, तरी शेवटपर्यंत ते कागदपत्रांची पिशवी उशाखाली घेऊनच झोपायचे.

परभणीकर
पिशवीवरून ऑक्टेव्हिया बटलरच्या ‘किंड्रेड’ कादंबरीतली (1979) डाना आठवली. 1976 च्या लॉस एंजेलिसमधली ही काळी बाई गुलामगिरीच्या काळातल्या मेरीलँडमध्ये पुन्हापुन्हा खेचली जाते. मग घरी असतानाही ती सामानाची पिशवी अंगाला बांधून ठेवते. पुस्तकातलं बाकी बरंच विसरलो, ही पिशवी नाही.

एमएस्सीला संभाजीनगरात माझ्यासोबत सुदानचा एकजण होता. रिक्षात बसायच्या आधी भाडं दोनदा विचारायचा आणि तेवढेच सुटे पैसे मुठीत धरून बसायचा. म्हटलं, अरे, मी आहे ना सोबत! हसला. मूठ तशीच.

नांदेडची
मला ‘ब्लॅक पँथर’ सिनेमातल्या (2018) खलनायकाबद्दल, किलमाँगरबद्दल बोलायचंय. संग्रहालयात तो सुनावतो की मी आत आल्यापासून तुमचे पहारेकरी माझ्यावरच नजर ठेवून आहेत. तिथं टाळी! साडीच्या दुकानात माझ्या मागं मागं फिरणारी पोरगी आठवली. रंग माझा बी सावळाच की.

पण पुढं तो जगभर शस्त्रं वाटायलाच निघतो. अपमान झालेला प्रत्येकजण बंदूकच उचलतो का हो? आमच्यातले कितीतरी गपगुमान शिकले, नोकरीला लागले, अन् अजून बी आडनाव सांगताना अडखळायलेत. त्यांच्यावर लिहा की एखादी फँटसी.

खुलताबादी
मी लिहितोय (अर्धवट आहे, हसू नका). नायक मलिक अंबर. हबशी, गुलाम म्हणून विकला गेलेला, पुढे निजामशाहीचा कारभारी. 1610 मध्ये खडकी (आजचं संभाजीनगर) वसवणारा. जहांगीरानं अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचं स्वतःचं चित्र काढवून घेतलं. प्रत्यक्षात अंबर त्याच्या हाती कधी लागलाच नाही, 1626 मध्ये म्हातारा होऊन गेला. माझ्या कथेत तो मंगळावर नहर खोदतोय.

अडलोय एका जागी. त्याच्यासमोर मजुरांची यादी येते, प्रत्येक नावापुढे किंमत. तो ती फाडतो असं लिहिलं, पण फार फिल्मी वाटलं.

नांदेडची
फाडू नका. आधी पूर्ण वाचू द्या त्याला. आपल्या मुलखातलं कुणी हाय का, ते बघंल तो. मग किमतीची घासाघीस करंल का सगळ्यांना एकदाच विकत घेईल, ते तुमचं तुम्ही ठरवा.